कोरांटीतली वाट

लोणावळ्याच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते, तेव्हा वसंताभाऊंचा फोन आला. ते मावशीचे शेजारी. एरवी फोनवर शेतात हाक मारल्यासारखं बोलणारा हा माणूस त्या दिवशी इतकं हळू बोलला, की मला आधीच कळलं. "पारूमावशी गेली गं. दुपारी जेवून ओट्यावर कलंडली, ती उठलीच न्हाई…" मी "बरं" म्हणाले आणि हातातलं पुस्तक भलत्याच खणात ठेवलं. याला आता पाच आठवडे झाले.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर माहेर म्हणून मला तिचंच घर उरलं होतं, वडगावपासून आत, डोंगराच्या अंगाला. ती शाळेत गेलेली नव्हती. नवा शब्द ती कानाने घ्यायची आणि आपल्या घरात बसेल असा करून वापरायची. लोणावळ्याच्या टुरिस्टांना ती 'तुरेवाले' म्हणे. मी दर वेळी दुरुस्त करायचे, ती दर वेळी मान डोलवायची आणि पुन्हा तुरेवालेच म्हणायची.

करोनाची साथ आली त्या चैत्रात तुरेवाले नाहीसे झाले. चिक्कीच्या दुकानांची शटरं खाली, वाचनालयाला कुलूप. त्यात मला खोकला झाला. घरमालकीणबाईंनी दाराबाहेरूनच विचारलं, "घरात बाळ आहे हो… गावाकडे जाता का?" त्यांचंही चुकलं नव्हतं. दुधाच्या टेम्पोतून वडगावपर्यंत आले आणि पुढे चालत निघाले. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. पलीकडे तोंडाला रुमाल बांधून पाच-सहा जण उभे होते, त्यांत वसंताभाऊही. "ताई, राग मानू नको. भायेरचं कुनी घ्यायचं न्हाई आसं ठरलंय." ज्यांच्या शेतात हुरडा खाऊन मी मोठी झाले, त्यांच्यासाठी मी बाहेरची झाले होते. माघारी जायला खोली नव्हती. नेमका तेव्हाच मला खोकला आला, आणि सगळे दोन पावलं मागं सरले.

तेवढ्यात मावशी आली; मी निघाल्याचं तिला फोनवर कळवलं होतं. कवेत काटेरी फांद्यांचा भारा, हात कोपरापर्यंत ओरखडलेले. "सरका रं! आशाताईनं मीटिंगमदी काय सांगितलं? भायेरनं आलेल्याला कोरांटीत ठेवायचं. माझ्या बांधाला कोरांटी लय हाय. ठेवते मी."

आरोग्य खात्याच्या आशाताईंनी सांगितलं होतं क्वारंटाइन. मावशीने ऐकली ती कोरांटी, पिवळ्या फुलांची, गुरं आत शिरू नयेत म्हणून बांधावर लावतात ती. आणि मी, त्याही घडीला, म्हणाले, "मावशी, कोरांटी नाही. क्वारंटाइन."

"तेच की! काट्यापल्याड बसायचं, व्हय का न्हाई?"

वसंताभाऊ रुमालाआड हसले. मग बाकीचेही. "बरं म्हातारे, घाल तुझी कोरांटी. पर चौदा दिसांत एक काटा हलला, तर दोगी बी गावाभायेर." बाभूळ बाजूला झाली.

मावशीने रिकाम्या गोठ्याभोवती फांद्या ओळीने मातीत रोवल्या. आत मी, बाहेर ती. ती काठीच्या टोकाला भाकरीचं फडकं बांधून आत द्यायची आणि मग पलीकडे बसकण मारून दिवसभराचं सांगायची. भांडी धुतलेलं पाणी फांद्यांच्या बुडाशी ओतायची. "सुकली तर काटा कसा लागंल?" सहाव्या दिवशी मला ताप भरला. पाणी घ्यायलाही उठवेना. कुडाच्या फटीतून मला दिसलं, मावशी उभी राहिली, पदर खोचला आणि दोन फांद्या उपटल्या. "येऊ नको," मी ओरडले. "तुला लागण होईल, गाव बाहेर काढेल दोघींना…" ती आत आली, कपाळावर ओला पदर ठेवला. मग गोठ्याच्या दारातूनच तिने हाक घातली, "वसंता! काटा हलला रं. मीच हलिवला. आता मी बी कोरांटीत, माजं चौदा दिस आजपासनं मोज."

तो सगळा दिवस आम्ही पावलांचा कानोसा घेत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरांटीशी एक टोपलं होतं. "दोगींच्या भाकरी हायत," वसंताभाऊ लांबून म्हणाले. "आन् म्हातारे, पुन्यांदा हलली तर बग."

ताप दोन दिवसांत उतरला. तो त्या साथीचाच होता की साधा, ते मला आजही माहीत नाही. मावशीला काही झालं नाही. मी मात्र नंतर तिचा एकही शब्द दुरुस्त केला नाही. आमच्या गावात अजून कुणी रुसून घरात बसलं की म्हणतात, कोरांटीत बसलाय.

त्या फांद्यांनी पावसाळ्यात मूळ धरलं, आणि दिवाळीला गोठ्याभोवती पिवळी फुलं आली. फक्त तिने उपटलेल्या दोन फांद्यांची जागा मोकळी राहिली, एक माणूस तिरपं होऊन जाईल एवढी. दोन्हीकडून फुटवे आले की मावशी ते खुडायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

परवा गेले होते. घराला कुलूप. कोरांटी फुलली होती आणि पाच आठवड्यांत ती फट निम्मी बुजली होती. वसंताभाऊ कोयता घेऊन आले. "लय माजलीया. काढून टाकू का समदी?"

"नको," मी म्हणाले. कोयताही घेतला नाही, हातानेच फुटवे खुडत गेले. काटे कोपरापर्यंत लागले. मग तिरपी होऊन आत गेले.