तिसरी बी जोखा

मोंबासाच्या जुन्या गावात मबरुकशेटनं ‘मनारा रेकॉर्ड’ कंपनी काढली, तेव्हा त्याच्याकडं एकच गायिका होती, बी जोखा, म्हणजे जोखाबाई. तिच्या लग्नगाण्यांवर कंपनी उभी राहिली. पुढं ती बाळंतपणात गेली. मबरुकनं बातमी दाबली आणि तसाच आवाज हुडकून त्याच नावावर दुसरी आणली. दुसरी नवऱ्यामागं झांझिबारला गेली, तेव्हा म्वानाकोंबोला बोलावणं आलं. झावळ्या विणून विकणाऱ्या घरातली ती तरणी पोर.

“नाव माझंच छापाल ना, काका?”

“पोरी, म्वानाकोंबोची तबकडी कोण घेणार? जोखाची डोळे मिटून उचलतात. तू गा.”

ती गात राहिली. तबकडीवर बुरख्यातल्या बाईचं तेच जुनं चित्र. लग्नघरी पडद्याआडून गाताना बायका ओरडत, “जोखा, अजून एक!” हळूहळू घरात भावजयसुद्धा तिला जोखाच म्हणायला लागली.

मबरुक वारला. जावई अथमाननं कॅसेटी काढल्या, चार पैसे कमावले आणि सगळं नैरोबीच्या एका कंपनीला विकलं. यंत्रं, जुनी गाणी आणि जोखा हे नावही. नवा मॅनेजर गिचोही म्हणाला, “जुनीच गाणी परत गा. नवं काही नको.”

“मग मला मोकळं करा. मी माझ्या नावानं गाईन.”

“गा की, बाई. पण हा आवाज जोखाचा आहे. लोक म्हणतील, तुम्ही चोरलात.”

ती उठली आणि तडक घरी आली. खाडीपल्याड लिकोनीत एका लग्नाची सुपारी मिळाली, तिथं पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं, पडदा बाजूला सारून गायली. बायका शांतपणे ऐकत होत्या. जेवणावळीत शेजारची म्हातारी बिर्याणी वाढत म्हणाली, “नक्कल झकास करतेस गं. पण जोखाची सर नाही हो. रियाज कर, जमेल.”

म्वानाकोंबोनं ताट बाजूला सारलं. आपणच जोखा, हे सांगावंसं वाटलं. पण कोण विश्वास ठेवणार होतं? त्यानंतर कुणी बोलावलंच नाही.

रमजानच्या तोंडावर ती आपणहून कंपनीत गेली. गिचोहीनं नुसतं माइककडं बोट केलं. पहिल्या जोखाची कॅसेट लावून म्हणाला, “इथं बाई श्वास कसा तोडते बघा. तुमचा लांबतो.”

तिनं तीनदा ऐकलं. चौथ्यांदा तो श्वास तसाच तोडला.

“आत्ता कशी जोखा वाटली!” गिचोही खूश झाला.

घरी येऊन ती भावजयीला म्हणाली, “उद्या लवकर उठव. कंपनीची गाडी न्यायला येणारे.”