साडूंची तिसरी प्रत

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा आंधळा विश्वास. संशय सगळा यंत्रांवर. पाटोद्याकडच्या एका शाळेत ते गुरुजी होते आणि घरातल्या कॉम्प्युटरकडे वर्गातल्या वांड पोराकडे बघावं तसं बघत: पाठ फिरली की हा पळणार. म्हणून त्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन हार्ड डिस्कवर. एक घरात, ज्वारीच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यासकट. डिस्कला कीड लागत नाही हे सांगून मी थकलो. दुसरी शाळेच्या कपाटात. तिसरी चौसाळ्याला माझ्या घरी, कारण त्यांच्या मते पाटोद्यावर कोसळलेलं आभाळ चौसाळ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

प्रती काढायचा दिवस अमावास्या. त्या दिवशी कुणी पाहुणा येत नाही, कुणी कार्याला बोलावत नाही, काम निवांत होतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी स्वारी एसटीनं माझ्याकडे हजर. डिस्क बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरलेली, जणू कोंबडीची अंडी. उन्हात ठेवू नका, टीव्हीवर ठेवू नका, असा पाठ चहा निवेपर्यंत चाले. मी मान डोलवायचो आणि ते वळले की डिस्क शिलाई मशीनच्या खणात टाकायचो. मग मी आणि बायको पोट धरून हसायचो; तीही, त्यांची सख्खी मेहुणी असून.

ही डिस्क दर वेळी बदलून जायची; एक मात्र कायम माझ्याकडे असे. ती काठोकाठ भरलेली, त्यांच्या अक्षरात वर ‘लई जुनी’ असं लिहिलेली. तिच्यात काय, तर फोटो. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांमागं ऊसतोडीला जायचा. त्याआधी हे एकेकाला भिंतीशी उभं करून कॅमेरा रोखत. फोटोग्राफी दिव्य. कुणाचं कपाळ गायब, कुणाला तीन कान. निदान हललेले तरी उडवा, असं मी एकदा म्हणालो.

“हललं म्हणून काय झालं पाव्हणं, पोरगंच हाय ना ते?”

असल्या माणसाला मी मनात काय म्हणायचो, ते छापण्याजोगं नाही.

आता खरं सांगतो. बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, ड्रोननं काढलेला, चार तासांचा, त्यात दीड तास पुढाऱ्यांचे सत्कार. ठेवायला जागा नव्हती. मी ‘लई जुनी’ काढली, फोटो वरवर चाळले, हसलो, आणि सगळे उडवून त्या जागी सत्कार भरले. त्यांच्याकडे आणखी दोन प्रती होत्याच की.

पुढच्या वैशाखातल्या अमावास्येला हे गृहस्थ त्याच जुन्या फोटोंच्या घरच्या आणि शाळेच्या, दोन्ही डिस्का एकदमच कॉम्प्युटरला जोडून एकेक फोटो ताडून बघत बसले होते. घरामागच्या खांबावर वीज पडली. कॉम्प्युटर, दोन्ही डिस्का, सगळंच गेलं. मला फोन केला तेव्हा आवाजात चक्क ऐट होती, बघा, याच्यासाठीच तिसरी. मी म्हणालो, ती उन्हानं बिघडली, उघडेना, फेकून दिली. मग तेच माझी समजूत घालू लागले, की यंत्र आहे, त्यात तुमचा काय दोष.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसलेलो असताना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. नर्स झालेली, लग्न ठरलेलं. लहानपणाचा एकही फोटो घरात नाही, गुरुजींकडे असेल म्हणून आली होती. या माणसानं आपल्याच विद्यार्थिनीपुढे हात जोडले.

“चूक माझी हाय बाई. मला नीट जपता आलं न्हाई.”

ती गेली आणि मी सगळं सांगून टाकलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “उडवायच्या आधी बघितलं व्हतं का?”

बघितलं होतं म्हणालो. त्यांनी वही पुढं ओढली, पेनचं टोपण काढलं.

“मंग सांगा. कोण कोण व्हतं?”

मी डोळे मिटले. एवढ्या पोरांतून एकच मुलगी आठवली, पुढचे दोन दात पडलेली, तोंडावर हात धरून हसणारी. तेवढं सांगितलं. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

“फ्रॉक कोणत्या रंगाचा व्हता?”

मला आठवेना. ते पेन तसंच वहीवर टेकवून माझ्याकडे बघत थांबले, काही घाई नसल्यासारखे.