पायांवर नजर

माझ्या धाकट्या भावाच्या पाठीत पहार बसली ती सावद्याच्या मालधक्क्यावर, भर दुपारी, सगळ्या हमालांच्या देखत. केळीचे घड वॅगनमध्ये चढवायचं काम चालू होतं. वॅगनच्या दारात एका म्हाताऱ्या हमालाची बोटं चेंगरली. मुकादम म्हणाला, "त्याला बाजूला करा, माल चढवा." माझा भाऊ दारातच बसला. आधी म्हातारा दवाखान्यात, मग घड. मुकादमाने पहार उचलली. भावाने ती उचलताना पाहिली, उठून वळला, तेवढ्यात कमरेच्या वर दणका बसला. तो घडांवर पालथा पडला. पडल्यावरही एक घातली.

मुकादमाने सगळीकडे सांगितलं, वॅगनवरून घसरला. बघणारे गप्प. त्यांना उद्या पुन्हा त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं.

मी तेव्हा हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायची. रात्रीतून लिहिलं: "कामगाराचे पाय गेले! जबाब कोण देणार?" पारोळ्यापासून धरणगावापर्यंत भिंतींवर चिकटवलं.

भाऊ पारोळ्याला घरी पडून. कमरेखाली ओंडका. महिनाभराने घरच्यांनी डाग देणाऱ्या बाबाला आणलं. मी दारात आडवी झाले, तर काकांनी केसांना धरून ओढलं. "चार पत्रकं लिखी तं डाक्टरीण व्हई गई का?" बाबाने बाभळीच्या निखाऱ्यात विळा लाल केला आणि भावाच्या तळव्याला लावला.

पाय ताडकन उडाला. बाबाच्या हनुवटीलाच लागला.

अख्खं अंगण ओरडलं, "जित्ता शे! पाय जित्ता शे!"

"आखो एक दे!"

आखो एक दिला. पाय पुन्हा उडाला. बायका रडायला लागल्या, कुणीतरी गूळ वाटायला घेतला. आणि भाऊ छताकडे बघत मला विचारत होता, "आक्का, काय जळी राह्यनं?"

त्याचंच मांस जळत होतं. त्याला फक्त वास आला.

तळवा सडायला लागला तेव्हा मी त्याला बैलगाडीत घातलं, मग एसटीत, आणि धुळ्याला एका डॉक्टरकडे नेलं. तो माणूस आधी आमच्यावर भडकला. मग समजावलं. पाय उडतो तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या जोरावर. चटक्याची बातमी वर मेंदूपर्यंत जातच नाही. पण रज्जू तुटलेला नाही, चेंगरलाय. थोड्या तारा शाबूत असतील. मेंदू त्यांच्यावरून नवी वाट पाडतो, फक्त त्याला रोज कामाला जुंपावं लागतं. हात फिरवा, पाय हलवा, उभा करा, पडला तर परत उभा करा.

आम्ही जुंपलं. अंगणातल्या कडुलिंबापासून दारापर्यंत दोर बांधला. तो पडायचा, ओठ फुटायचा, गुडघे सोलायचे. आई म्हणायची पुरे, तो म्हणायचा आखो. पायांना शिव्या घालायचा, "चाल ना भो हरामखोर, खायाले पुढे आन् कामले मांगे!" हळूहळू जोर आला. पाय हुकूम ऐकायला लागले. पण ते कुठे आहेत हे त्याला कळायचं नाही. जमिनीवर आहेत की हवेत, डोळ्यांनी बघावं लागायचं. पायांनी पाठवायची बातमी आता डोळे पाठवत होते. मान खाली, नजर पायांवर, मग तो चालायचा. नजर हलली की पत्त्यांच्या घरासारखा खाली.

गल्लीला हे कळलं. मग खेळच झाला. "ओ भाऊ, विमान पाहा!" तो सवयीने वर बघायचा, की धाडकन. पोरं तर पोरं, चांगले मिशीवाले बाप्ये हसायचे. त्यातल्या एकाच्या कपाळावर मी भरलेला तांब्या मारला. टाके पडले. मला आजही त्याचं काही वाटत नाही.

खटला जळगावला उभा राहिला. बाकीचे साक्षीदार फुटले. उरला एकटा भाऊ. त्याने मुकादमाला ओळखलं तर खटला, नाहीतर घसरून पडला हेच खरं ठरणार.

आदल्या दिवशी आमचे संघटनेचे नाना घरी आले. "उद्या खाटेवर न्यायचा. चालत आला तर वकील म्हणेल, बघा, याला काय झालंय? आपण पत्रकात लिहिलंय, पाय गेले."

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. "आता पाय परत येताहेत. नवीन पत्रक काढू."

"पोरी, कोर्टाला कळतं ते आडवं माणूस."

तो बरा होतोय ही आम्हालाच अडचण झाली होती! मी ओरडणार, एवढ्यात भाऊ दोराला धरून म्हणाला, "नाना, मुकादमनी माले आडवं पाडं. आते तुम्हीबी आडवाच लई जातस का?"

नाना चहा न पिता गेले.

कोर्टात तो चालत गेला. मान खाली. समोरचा वकील लगेच म्हणाला, "साहेब, ठणठणीत आहे. नजर मिळवायची मात्र हिंमत नाही." मागे कुणीतरी हसलं. भाऊ कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. साहेबांनी खुर्ची देऊ केली, त्याने नको म्हटलं.

"मारणारा इथे आहे का? नीट बघून, बोटाने दाखवा," साहेब म्हणाले.

बोट दाखवायचं म्हणजे एक हात सुटणार. बघायचं म्हणजे पाय सुटणार. भावाने एकदा पायांकडे पाहिलं, ते चांगले रोवले, आणि मान वर केली. सरळ मुकादमाच्या डोळ्यांत.

"हाऊच शे," तो म्हणाला, आणि बोट रोखलं.

मुकादमानेच आधी नजर खाली घातली. मग भावाचे गुडघे मुडपले. हनुवटी कठड्यावर आपटली, दात तुटला, तो खाली कोसळला. बोट अजून तिकडेच होतं.

"नाटक!" वकील म्हणाला.

मी आणि शिपाई धावलो. फरशीवरून रक्ताळल्या तोंडाने भावाने विचारलं, "लिखं का साहेब?"

"लिहिलं," साहेब म्हणाले.

शिपायाने काखेत हात घातला. भावाने तो झटकला.

"उचलू नका. माले मना पाय दिसू द्या."