तीन शिफ्ट, पाच सवयी

साखर तपासायची आहे, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही आणि सकाळी यायचं, असं खाणीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मला दोनदा बजावलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे वागलो. नाइट शिफ्ट सुटली तसा खाणीच्या बसमधून सरळ दवाखान्यात उतरलो, बाही वर केली आणि रक्त दिलं. 'उपाशी आहात ना?' तिनं विचारलं. 'एकदम,' मी म्हणालो.

खोटं बोलायचा माझा विचार नव्हता. पण बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत डम्पर चालवणाऱ्या माणसाची रात्र इतरांच्या रात्रीसारखी नसते. पहाटे चारला गाड्या लायनीत उभ्या करून आम्ही डबे उघडतो. ते आमचं रात्रीचं जेवण. ते मी नेहमीसारखं जेवलो होतो, म्हणजे आधी भात आणि नंतर पुन्हा भात. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. माझ्या लेखी मी उपाशी होतो.

रिपोर्टवरचा आकडा पाहून डॉक्टर माझ्याकडे असे बघू लागले, की हा माणूस चालत आत आला कसा. मी घाबरून घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं पिशवीतून डबा काढला, उघडून पाहिला.

'उपाशी होते त डबा कोनं खाल्ला?'

'तो तर चार वाजता...' मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो.

तिनं डबा मोरीत ठेवला. 'चार वाजता खाल्ला, साडेसहाले रक्त देल्लं. डॉक्टरले सांगा जाऊन. माझ्याच्यानं नाई सांगनं होत.'

सुट्टीच्या दिवशी, खरोखरच्या उपाशी पोटानं, मी परत गेलो. आकडा खाली आला होता, पण इतका नाही. डॉक्टर म्हणाले, 'चूक तुमची होती, साखर मात्र खरी आहे.' मग त्यांनी मेडिकलचा फॉर्म पुढे ओढला. माझं वय पन्नाशीच्या पुढचं, बीपी आधीपासून, आणि चालवतो ती गाडी एका घराएवढी उंच. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, 'तीन महिने देतो. खाणं, चालणं, झोप सुधारा. नाही जमलं तर मशीनवरून खाली घ्यावं लागेल.'

मशीनवरून खाली घेणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पगार थांबत नाही, कोणी हाकलून देत नाही. फक्त कँटीनमध्ये ऑपरेटर लोकांचा एक बाक असतो, तिथे तो माणूस हळूहळू बसेनासा होतो. कोणी त्याला उठ म्हणत नाही. तोच एके दिवशी चहा घेऊन दुसऱ्या बाकावर जातो. असे दोघेतिघे मी जाताना पाहिले आहेत. पाहून चहा पीत राहिलो आहे.

चंद्रपूरला होस्टेलवर राहून शिकणारी माझी मुलगी त्या आठवड्यात घरी आली. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीनं रेघा मारून एक तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. उठल्यावर ग्लासभर पाणी. अर्धा तास चालणं. पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसणं. रात्री भाताऐवजी भाकर. झोपण्याआधी मोबाइल बाजूला ठेवून एक पान वाचणं.

'बाबा, एकदम काही बदलायचं नाही,' ती म्हणाली. 'छोट्या सवयी लावायच्या. रोज तेवढंच, रोज त्याच वेळी. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात.'

मी बायकोकडे पाहिलं. बायको तांदूळ निवडत होती, ती तांदळाकडेच पाहत राहिली. आमच्याकडे एक हप्ता सकाळी सहा ते दोन, दुसरा हप्ता दोन ते दहा आणि तिसरा हप्ता रात्री दहा ते सहा. एकवीस दिवसांत माझ्या तिन्ही शिफ्ट संपतात आणि मी पुन्हा होतो तिथे येतो. रोज त्याच वेळी मी आजवर फक्त जांभई दिली आहे. पण पोरीनं एवढ्या हौसेनं रेघा मारल्या होत्या, मी मान डोलावली.

पहिल्या शिफ्टचा हप्ता चांगला गेला. दोनला सुटायचो, थोडा पडायचो आणि संध्याकाळी चालायला निघायचो. मग दुसरी शिफ्ट आली, चालणं सकाळी न्यावं लागलं. आमच्या कॉलनीच्या मागे कोळशावरची माती टाकून टाकून झालेले डोंगर आहेत, त्यांवर बाभळी माजल्या आहेत आणि त्या बाभळीत वाघ दिसला म्हणून वनखात्यानं बोर्ड लावला आहे, की उजाडल्याशिवाय फिरू नये. म्हणून मी उजाडल्यावर, मोठ्या रस्त्यानं फिरायचो. त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात. अर्ध्या तासात माझ्या फुप्फुसांचं काय भलं झालं ते माहीत नाही, बनियन मात्र दोनदा धुवावी लागायची.

एकदा असाच चालत होतो तर मागून आमच्याच खाणीतला एक जण मोटरसायकल घेऊन आला. 'भाऊ, बस चुकली का? बसा मागं.'

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण तो इतक्या आपुलकीनं थांबला होता, गाडी चालू होती, मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. मी बसलो. त्यानं मला खाणीच्या गेटवर सोडलं आणि हात हलवून आत गेला. तिथून मी चार किलोमीटर परत चालत आलो. त्या दिवशीच्या चौकोनात मी दोन खुणा केल्या. एक चालल्याची आणि एक न बोलल्याची.

भाताचं दुःख वेगळंच. मी मूळचा वडशाकडचा, धानाच्या मुलखातला. आमच्याकडे भाकर ही पाहुण्यासारखी, येते आणि जाते. घरून अजून तांदळाचं पोतं येतं. जेवताना समोर भाकर असायची आणि घरभर गावच्या तांदळाचा वास. बायको माझ्यासोबत भाकरच खायची, स्वतःपुरता टाकलेला भात उरवून ठेवायची. 'तू कशाला?' मी म्हणालो. 'मले साखर नाई, पण तुमच्यासमोर खाऊन राह्यली त घास नाई उतरत,' ती म्हणाली. मला तिचा राग आला. माझ्यामुळे कोणी चांगलं वागलं की मला अजून चांगलं वागावं लागतं.

कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा मागितला तर चहावाला म्हणाला, 'भाऊ, सगळा एकाच केटलीत हाय. तुमचा वेगळा केला त शिफ्ट सुटल तवर होईल.' शेजारचा ऑपरेटर लगेच म्हणाला, 'काऊन जी, लगन करून राह्यले का पुन्हा?' बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या बाकावर आणखी किती दिवस बसायला मिळेल याचा हिशेब करत गरम पाणी प्यायलो.

शांत बसण्याचं म्हणाल तर ते मला सर्वांत सोपं गेलं. नाइट करून आलो की बुद्धाच्या तसबिरीसमोर बसायचो, डोळे मिटायचो. एकदा डोळे उघडले तर बायको समोर पोळपाट घेऊन उभी.

'ध्यान लागलं होतं,' मी म्हणालो.

'घोरून राह्यले होते तुम्ही. शेजारीन विचारून गेली, पंप बिघडला का म्हनून.'

वर्षावासाचे दिवस होते. ती रोज संध्याकाळी विहारात वाचनाला जायची. पावसात, चिखलात, छत्री तिरकी धरून. तिच्यासाठी दारावर तक्ता नव्हता. मी एकदा म्हणालो, 'तुला कंटाळा येत नाही का?' ती म्हणाली, 'येते ना. कंटाळा घेऊनच जाते.' मी हे वाक्य पुष्कळ दिवस मनात ठेवलं, पण नाइट करून सकाळी सातला घरी आल्यावर कंटाळ्याला उचलून नेण्याएवढी ताकदच नसायची. नाइटच्या हप्त्यात माझं सगळं कोसळायचं. दिवसा झोप चार तासांची, तीही तुकड्यांची. उठल्यावर पाणी प्यायचं, तर मी तीनदा उठायचो. रात्री भात नाही, तर माझी रात्र कोणती? वाचायचं पान मी उशाशी ठेवायचो आणि ते माझ्या तोंडावर झोपायचं.

आणि मग मी एक गोष्ट सुरू केली, जी सांगायला आजही लाज वाटते. ड्यूटीवर जाण्याआधीच मी पुढच्या दिवसांच्या चौकोनांत खुणा करून ठेवू लागलो. करणारच आहे तर आधी केली काय आणि नंतर केली काय. एका मंगळवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. बायकोनं बोलता बोलता मोबाइल स्वयंपाकघरात नेला.

'बाबा,' पलीकडून आवाज आला, 'आज मंगळवार आहे. तुम्ही शुक्रवारपर्यंत चालून आलात?'

मी तक्त्यासमोर जाऊन उभा राहिलो. 'नापास व्हा, पण खोटं भरू नका,' ती म्हणाली. ती शाळेत असताना मी तिला हेच सांगायचो, अगदी याच आवाजात.

खोट्या खुणा मी पुसल्या आणि त्या दिवसानंतर तक्ता खरा भरला. केलं तिथे खूण, नाही केलं तिथे मोकळं. तीन महिने भरेपर्यंत. साखरेसाठी केलं की पोरीसाठी, ते आता सांगता येणार नाही. शेवटी शेवटी मला त्या तक्त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. पट्टा दोन भोकं आत गेला होता. म्हणून तपासणीच्या दिवशी मी तो दारावरून काढला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घालून डॉक्टरांकडे नेला. कोणी मागितला नव्हता.

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिला. 'उतरली आहे. चांगली उतरली आहे. पण जिथे यायला पाहिजे तिथे अजून नाही.' मग थोडा वेळ पेन हलवत बसले. मला वाटलं, आणखी एक महिना मिळेल. तेवढ्यात मी तक्ता काढून त्यांच्यासमोर पसरला. मेहनत दिसावी म्हणून.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. पहिल्या शिफ्टचा हप्ता खुणांनी गच्च. दुसरीचा अर्धामुर्धा. तिसरीचा पांढराशुभ्र. पुन्हा गच्च, पुन्हा अर्धा, पुन्हा पांढरा. तीन महिने तसंच.

'हे तुम्ही स्वतः भरलं?'

'हो.'

'यात सगळं लिहिलेलं आहे,' ते म्हणाले. 'तुमच्यात खोट नाही. दिवसाची ड्यूटी असली की तुम्ही सगळं करता. नाइटमध्ये कोणाच्याच्यानं होणार नाही. मी तुम्हाला जनरल शिफ्ट लिहून देतो. मशीन नको आता.'

मी म्हणणार होतो, की एक महिना द्या. पण समोर माझ्याच हातचा कागद पसरलेला होता आणि त्यातले पांढरे चौकोन मोजायची गरज नव्हती. घरी ठेवून आलो असतो तर कदाचित मिळालाही असता महिना. मी घडी करून तो खिशात घातला आणि हात जोडले.

दोन दिवसांनी ऑर्डर निघाली. शेवटची शिफ्ट सकाळची होती. दोन वाजता डम्पर लायनीत लावला, लॉगबुकात सही केली, शिडीनं खाली उतरलो. खाली पाय टेकल्यावर गुडघ्यांना बरं वाटलं. बावीस वर्षांचं काम संपलं आणि पहिली गोष्ट काय वाटली, तर गुडघ्यांना बरं. याचं मला वाईट वाटलं. त्या दिवशी कँटीनमध्ये मी गेलोच नाही. कोणता बाक, हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर ढकलला.

घरी आलो तेव्हा बायको अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी बाजूला बसलो आणि सांगितलं.

'मंग आता काम कोनतं?' तिनं विचारलं.

'टाइम ऑफिसात. हजेरी मांडायची. आठ ते पाच.'

'रोज?'

'रोज.'

'नाइट?'

'नाही आता. कधीच नाही.'

ती देठं खुडत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, तब्येत महत्त्वाची. किंवा निदान माझ्याकडे बघेल. शेवटी मीच विचारलं, 'तुला वाईट वाटलं का?'

'नाइट करून तुम्ही झोपून राहत,' ती म्हणाली, 'म्हनून मी दिवसा या घरात कुकरची शिटी वाजू देल्ली नाई. डाळ गंजात शिजवली, तासतास ढवळत. मंग तशीच सवय पडली. तुम्ही घरी नसले तरी हात कुकरकडं जात नाई. बावीस वर्षं झाले. उद्या दुपारी काढीन. चार शिट्ट्या होऊ देईन, मंग सांगीन तुमाले, वाईट वाटते का काय त.'