माझ्या चहात बुडवलेली किल्ली

युद्धाचे दिवस. शेजारचे काका कारखान्यात डबल ड्यूटीवर, म्हणून काकूंना माहेरच्या गाडीत बसवायला मी जबलपूर स्टेशनवर गेलो. त्यांचा मुलगा युद्धनौकेवर. पाणबुडीच्या धास्तीने त्यांना घास उतरत नव्हता. बाकावर शेजारी एक नौसैनिक, सुट्टी संपवून जहाजावरच्या हेलिकॉप्टरच्या ड्यूटीवर परत निघालेला.

“संकट आलं की जहाज सोडून उडून जाता काहून?” काकू कडाडल्या.

पठ्ठ्याने किल्लीला दोरा बांधला आणि ती खुशाल माझ्या चहात सोडली! “पळत नाही, काकूजी, हे असं. समुद्रावर अधांतरी थांबायचं, यंत्राचा कान पाण्यात सोडायचा. पाणबुडी ऐकू आली की वरूनच टॉर्पेडो!”

“अन् घाबरून पळाला तर?”

“उतरू कुठे? चहूकडे पाणी. जहाज बुडालं तर मीही बुडालो.”

काकूंनी दशम्यांचा डबा उघडून एक त्याला दिली, आणि एक स्वतः खाल्ली.