चिंचेनं घासलेलं काडतूस

निजामाच्या अमलात आमच्या कळंबात बंदुकीचा परवाना दोघांकडंच होता. एक देशमुखांकडं, जन्मानंच आलेला. दुसरा माझ्याकडं, पाठीवर पोती वाहून आडत उभी केल्यावर मिळालेला. त्यामुळं देशमुखांच्या घोडीवर कुणीतरी बार टाकला, तेव्हा पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब सरळ माझ्या दारात आले. त्यात आदल्याच दिवशी त्या घोडीचा सौदा फिसकटला होता आणि मी भर बाजारात ओरडलो होतो, "असल्या घोडीला गोळी घाला!" रागात बोललो, पण घोडी खरंच म्हातारी होती.

अमिनांनी बंदूक जप्त केली. बांधावर एक न फुटलेलं काडतूस सापडलं होतं. हैदराबादेत शिकून आलेले अमीन म्हणाले, "भरताना बोट टेकतंच, शेटजी. घामाचा ठसा पितळी बुडावर राहतो. भुकटी टाकली की उठून दिसतो."

"मग काढा की ठसा!" मी दहाही बोटं शाईत बुडवून उमटवली. ठसा माझा निघणारच नव्हता. बंदूक घरी आल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो, तर जमादार हौदापाशी बसून चिंच आणि राख लावून काडतूस घासत होते.

"अहो जमादार, हे काय चालवलंय?"

"हैदराबादला धाडायचंय. साहेब लोकांम्होरं असलं मळकं कसं ठिवावं?"

मी इतका ओरडलो की रस्त्यावरचा टांगा थांबला. जमादारांनी शांतपणे ते रुमालानंही पुसलं.

हैदराबादहून उत्तर आलं: एकही ठसा नाही.

"म्हणजे मी सुटलो," मी म्हणालो.

"उलट!" अमीन म्हणाले. "ठसा नाही म्हणजे गुन्हेगार फार हुशार. आणि या तालुक्यात तुमच्याहून हुशार कोण आहे?"

उभ्या जन्मात सरकारनं माझी हुशारी तेवढी एकदाच मान्य केली. बरीच बोलणी करून मी कसाबसा सुटून घरी आलो. बंदूक ठाण्यातच राहिली.

पुढं निजाम गेला. मी पुन्हा ठाण्यात गेलो. दफ्तर उर्दूत, नवे साहेब पुण्याकडचे. म्हणाले, "बंदूक आहे, पण ती तुमचीच कशावरून?"

"तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे असतील. आणि माझी दहाही बोटं तुमच्या दफ्तरात आहेत."

साहेबांना पटलं. त्यांनी बंदूक मागवली. ती घेऊन आले ते जुनेच जमादार. नळी आरशासारखी चमकत होती.

"बेफिकीर राहा, शेटजी," ते म्हणाले. "तुमची वस्तू म्हणून दर आठवड्याला म्या सोता तेल लावून पुसतो."