माणसाबरोबर येणारा पंप

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, भारतात जाणारी आणि भारतातून येणारी, असं अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या काकांचं ठाम मत आहे. उरलेल्या मानवजातीची ते नुसती विचारपूस करतात. मी दुसऱ्या प्रकारात मोडले म्हणून आमची ओळख झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि तीही एकदम अमेरिकेत. बार्शीहून निघताना आईच्या मैत्रिणीने एक पुडकं हातात ठेवलं. तिच्या वहिनीचा दम्याचा पंप होता, तो तिच्या दादाकडे पोचवायचा होता; तेच हे काका-काकू. विमानतळावर काका स्वतः हजर होते. त्यांनी आधी पुडक्याची चौकशी केली, मग माझी. घरी नेल्यावर मात्र पुडकं तसंच टेबलावर राहिलं, कारण आणणारा माणूस पोटभर जेवल्याशिवाय आणलेली वस्तू उघडायची नाही, असा त्या घरचा नियम आहे. मी चौथी पुरणपोळी नको म्हणाले तेव्हा काकांनी पुडक्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी ती मुकाट्याने खाल्ली.

बॅगेत जागा शिल्लक असलेला माणूस काकांना लांबून कळतो. एकदा इंडियन स्टोअरच्या रांगेत पुढचा तरुण फोनवर कुणाला तरी आपण पुढच्या महिन्यात हैदराबादला जातोय असं सांगत होता. काका हातातली कोथिंबीर तिथेच ठेवून त्याच्या मागे पार्किंगपर्यंत गेले. तो घाबरून गाडीत बसला, काच थोडी खाली केली, आणि हैदराबादहून परत येताना काकूंचे पंप घेऊन आला. आता तो दर शुक्रवारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला येतो, आणि मराठीत चिडतो.

इथे तो पंप फार महाग पडतो. बरं, काकांना विमा नव्हता असंही नाही. पासष्टी उलटलेल्यांना इथे सरकारी विमा मिळतो, आणि औषधांसाठीचा प्लॅन दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बदलता येतो. ती मुदत टळली की बहुतेकांना वर्षभर आहे त्यावर भागवावं लागतं. त्या दिवसांत पोस्टाच्या पेटीत जाहिरातींचा नुसता पूर येतो. काकांची निवडीची पद्धत सोपी होती. ज्या पाकिटावरचे आजी-आजोबा जास्त हसतायत, तो प्लॅन चांगला. "आजारी माणूस इतका हसतोय म्हणजे औषधं वेळेवर मिळत असणार," असं त्यांनी मला समजावलं होतं. मला ते पटलं नव्हतं, पण मोठ्यांना कसं सांगायचं हे मला अजून कळत नाही.

यंदा पंप आणणाऱ्या भाच्याने ऐन वेळी तिकीट कॅन्सल केलं. काकांनी सगळीकडे फोन फिरवले, पण महिनाभर तरी येणारं कुणी नव्हतं. काकू जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा फोटो सरळ करू लागल्या. तो फोटो सरळच होता. त्या पंप पुरवून पुरवून वापरतायत हे माझ्या लक्षात आलं, आणि रात्री नीट झोप लागेना. प्लॅन बदलायची मुदतही संपत आली होती. इथल्या लायब्ररीत अशा निवडीला मोफत मदत करणारे स्वयंसेवक बसतात, आणि ते कुठलाच प्लॅन विकत नाहीत, असं मला कॉलेजात कळलं. मी भीत भीत काकांना सांगितलं. "विकत नाही? मग त्याला काय कळणार," काका म्हणाले. पण आले. चिवड्याचा डबा घेऊन आले.

टेबलापलीकडे एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. काकांनी डबा उघडला आणि त्या कधी भारतात जाणार आहेत का, हे पहिल्यांदा विचारून घेतलं. मग बाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढून काकूंची औषधं विचारली. काकांनी बीपीची सांगितली, थायरॉइडची सांगितली, आणि समाधानाने मागे टेकले.

मी हळूच म्हणाले, "काका, पंप?"

"तो कशाला? तो इथला नाही. तो घरचा आहे."

तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "तोही सांग गं त्यांना. पंप मला लागतो, ह्यांना नाही."

बाईंनी पंप घातला आणि स्क्रीनवर, स्वस्त प्लॅन आधी अशा लावलेल्या यादीत, धावपळ उडाली. सर्वांत हसणाऱ्या आजी-आजोबांचा प्लॅन, जो आत्तापर्यंत पहिला होता, तो थेट तळाला गेला, आणि कधी पाकीटसुद्धा न पाठवणारा एक प्लॅन वर आला. काका स्क्रीनकडे वाकले. "ह्याच्या पाकिटावर कोण आहे?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, असं कळल्यावर त्यांनी नाइलाजाने होकार दिला. नवा प्लॅन जानेवारीत सुरू होईपर्यंत डॉक्टरबाईंनी काकूंना सॅम्पलचा पंप दिला. इतकी वर्षं डॉक्टरबाई दर भेटीत पंप लिहून देत होत्या, आणि काका दर वेळी त्यांचे आभार मानून पंप न घेताच घरी येत होते.

आता पंप पोस्टाने येतो. पहिल्यांदा आला तेव्हा काकांनी पोस्टमनला आत बोलावलं. त्याला जेवायला वेळ नव्हता, म्हणून बेसनाचा लाडू हातात देऊन तो संपेपर्यंत दारात उभं केलं, आणि मगच खोकं फोडलं. काकू आता जिना एका दमात चढतात. फोटो जागच्या जागी आहे.

परवा मी सुट्टीत घरी जाणार असल्याचं सांगायला गेले. काका खुर्चीत सरसावून बसले, आणि मग त्यांना आठवलं की आता आणायला काही नाही. थोडा वेळ ते नुसते मुदतीबाहेर गेलेली जाहिरातीची पाकिटं चाळत राहिले.

"आवळा सुपारी आण," शेवटी म्हणाले.

"काका, ती तर इथल्या स्टोअरमध्ये मिळते."

"मिळते गं," काका म्हणाले, "पण ती एकटी येते."

मी बॅगेत जागा ठेवली आहे. परत येईन त्या दिवशी दुपारपासून काही खायचं नाही, असंही ठरवलंय.